'नाटक', 'नाट्य' आणि 'काम' : एका शब्दकुळाची मीमांसा

१

मराठी समीक्षेने 'नाट्य' या संज्ञेचा जेवढा ऊहापोह केला आहे, तेवढा 'नाटक' या शब्दाचा केलेला नाही. 'कथेतील नाट्य', 'भावकवितेतील नाट्य', 'प्रसंगातील नाट्यमयता' हे शब्दप्रयोग आपल्या समीक्षाव्यवहारात इतके रुळले आहेत, की त्यांच्याविषयी वेगळे स्पष्टीकरण द्यावे असे कोणाला वाटत नाही. ताण, संघर्ष, कलाटणी, अनपेक्षितता अशा गुणांसाठी 'नाट्य' ही गौरवाची संज्ञा आपण वापरतो. त्याच वेळी घरात, रस्त्यावर, कचेरीत आणि इस्पितळात 'नाटकं करू नकोस', 'उगाच नाटक चाललंय त्याचं', 'फार नाटकी आहे ती' असे उद्गार सतत ऐकू येतात. पण ते आपल्या विवेचनाच्या कक्षेत येत नाहीत. लक्षणेने झालेला सैल वापर म्हणून त्यांची बोळवण केली जाते आणि कोशातील अर्थक्रमात त्यांना दुसरे-तिसरे स्थान देऊन विषय संपतो.

हा विषय इतक्या सहज संपत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दैनंदिन भाषेतील या उद्गारांमध्ये नाटकाविषयीचा एक विचार वावरतो. त्याला सिद्धान्त म्हणावे इतकी सुसंगती त्याच्यात आहे. हा विचार निरुपद्रवीही नाही. कोणाच्या वर्तनाला 'नाट्य' म्हणायचे, कोणाच्या वर्तनाला 'नाटक' आणि कोणाच्या वर्तनाला 'तमाशा', याची जी वाटणी मराठी भाषा करते ती केवळ अर्थच्छटांची नाही. बोलणारा कोठे उभा आहे आणि त्याच्या हाती कोणता अधिकार आहे, यावर ती अवलंबून असते. समीक्षेने 'नाट्य' हा शुद्ध शब्द स्वतःकडे ठेवला आणि 'नाटक' हा मळलेला शब्द लोकव्यवहाराकडे सोपवला. त्यामुळे या अधिकाराचा विचार करण्याची जबाबदारीही नकळत टळली.

२

शब्दांच्या पूर्वेतिहासाकडे थोडे पाहणे आवश्यक आहे. युरोपीय भाषांतील 'ड्रामा' हा शब्द 'करणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या तिसऱ्या प्रकरणात डोरियन लोकांचा एक दावा नोंदवला आहे. 'करणे' या अर्थाचा जो धातू डोरियन वापरतात तो अथेन्सवासीय वापरत नाहीत, म्हणून 'ड्रामा' ही मुळात आमची निर्मिती, असा तो दावा होता. तो खरा की खोटा हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे, की या परंपरेत नाटकाच्या नावातच 'कृती' आहे. याउलट 'थिएटर' या शब्दाच्या मुळाशी 'पाहणे' आहे. आणि ग्रीक भाषेत नटाला जो शब्द होता त्यापासूनच पुढे युरोपीय भाषांतील 'दांभिक' या अर्थाचा शब्द तयार झाला. करणे, पाहणे आणि खोटे वागणे या तीन कल्पना नाटकाच्या शब्दकुळात अशा प्रारंभापासून शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत.

संस्कृतात 'नट्' या धातूभोवती हे शब्दकुळ उभे राहिले. 'नृत्' या धातूचे ते प्राकृत वळणाचे रूप मानले जाते. 'नाट्य' ही व्यापक संज्ञा आणि 'नाटक' हा दहा रूपकांपैकी एक प्रकार, अशी शास्त्रकारांची व्यवस्था होती. प्रख्यात कथावस्तू, उदात्त राजर्षी नायक, पाच ते दहा अंक ही 'नाटका'ची लक्षणे. धनंजयाने 'दशरूपका'त नाट्याची व्याख्या अवस्थेचे अनुकरण अशी केली. म्हणजे संस्कृत परंपरेत 'नाटक' हा शब्द प्रतिष्ठेच्या दृष्टीने खालचा नव्हता. रूपकांच्या यादीत तो अग्रस्थानी होता.

परंतु 'नाट्यशास्त्रा'तच दोन कथा अशा आहेत, की ज्यांतून या प्रतिष्ठेखालची अस्वस्थता दिसते. पहिल्या अध्यायात इंद्रध्वजाच्या उत्सवात झालेल्या पहिल्या प्रयोगाची कथा आहे. देवांनी दैत्यांचा पराभव केल्याचे त्या प्रयोगात दाखवले जाते, प्रेक्षकांत बसलेले दैत्य संतापतात आणि विघ्नांच्या साहाय्याने नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकतात. ग्रंथाच्या अखेरच्या भागातील कथा याहून बोचरी आहे. भरताचे पुत्र ऋषींची टर उडवणारे प्रयोग करू लागतात, ऋषी क्रुद्ध होऊन त्यांना शाप देतात आणि नटांचा वंश शूद्रत्वास जातो. एका कथेत ज्यांचे चित्रण झाले ते दुखावतात, दुसऱ्या कथेत ज्यांची थट्टा झाली ते दुखावतात. पण दैत्यांचा राग विघ्न ठरतो आणि त्यांची समजूत घातली जाते; ऋषींचा राग शाप ठरतो आणि त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागतात. नाटक पाहून कोण दुखावला यावर नटाचे सामाजिक स्थान ठरते, हे आद्य शास्त्रग्रंथानेच नोंदवून ठेवले आहे.

मराठीत येताना या संज्ञांची अदलाबदल झाली. 'नाटक' हा एका प्रकाराचा वाचक शब्द सर्व प्रकारांना व्यापणारा झाला आणि 'नाट्य' ही व्यापक संज्ञा एका अमूर्त गुणाची वाचक बनली. दरम्यानच्या काळात या कुळातील शब्दांवर काय गुदरले याची एक खूण 'नाटकशाळा' या शब्दात सापडते. मूळ अर्थाने हे वास्तूचे नाव; पण पेशवेकालीन मराठीत नाचणाऱ्या, ठेवलेल्या स्त्रीसाठी ते वापरले गेले. जागेचे नाव बाईला चिकटले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हा 'नाटक' या शब्दाभोवती असा पूर्वसंस्कार होता. नंतरच्या शतकभरात नाट्यव्यवसायाने प्रतिष्ठा मिळवण्यासाठी जी धडपड केली, तिच्यामागे या शब्दाला चिकटलेले अर्थ धुऊन काढण्याची गरजही होती.

३

आता आजच्या बोलीकडे वळू. 'नाटक करणे' या शब्दप्रयोगाचे व्याकरण लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. 'आमच्या मंडळाने यंदा नाटक केले' या वाक्यात क्रियापदाचा अर्थ सादर करणे असा आहे. 'त्याने आजारपणाचे नाटक केले' या वाक्यात षष्ठीचे रूप येताच अर्थ बदलतो. ज्याचे नाटक केले ते अस्तित्वातच नव्हते, असे वाक्य सांगते. 'नाटकं करू नकोस' या अनेकवचनी, आज्ञार्थी प्रयोगात तर सादरीकरणाचा अर्थ उरतच नाही. तेथे अनेकवचन संख्येचे नसून कंटाळ्याचे आहे: हे तू वरचेवर करतोस आणि मी ते ओळखले आहे. या वाक्याचा कर्ता बहुधा मूल असते, सून असते, नोकर असतो, विद्यार्थी असतो, सरकारी वॉर्डातील रुग्ण असतो. सुनेने सासूला, किंवा शिपायाने साहेबाला 'नाटकं बंद करा' असे तोंडावर म्हटल्याचे क्वचितच ऐकू येते. म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो आणि त्याची किंमत मोजावी लागते.

जोनास बॅरिश या अभ्यासकाने नाट्यद्वेषाच्या युरोपीय इतिहासावरील आपल्या १९८१ च्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले आहे. इतर कलांपासून बनलेली विशेषणे सहसा स्तुतीची असतात, तर नाट्यकलेपासून बनलेली विशेषणे निंदेची असतात. मराठीला हे निरीक्षण जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण मराठी माणूस कोणत्याच कलेला सोडत नाही. 'पुराण लावू नकोस', 'कीर्तन पुरे', 'त्याचे पोवाडे गातोस', 'हे रडगाणे रोजचेच', 'कविता करत बसू नकोस' अशी टोमण्यांची मोठी मालिकाच आपल्याकडे आहे. परंतु हे टोमणे तपासले तर प्रत्येकातील आरोप वेगळा दिसतो. पुराण आणि कीर्तन यांवर आरोप आहे लांबणीचा, पोवाड्यावर अतिस्तुतीचा, रडगाण्यावर पुनरुक्तीचा, कवितेवर अव्यवहारीपणाचा. बोलणारा खोटे बोलतो आहे असे यांपैकी एकही शब्द सुचवत नाही. तो आरोप 'नाटक' आणि त्याचे जुने भावंड 'सोंग' या दोनच शब्दांत आहे. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' या म्हणीत तर सोंगाची मर्यादाही सांगून ठेवली आहे. शरीर, भावना, भक्ती, आजार, वेड या सर्वांचे सोंग शक्य आहे. म्हणजेच या सर्वांविषयी संशय घेणे शक्य आहे.

येथे दैनंदिन भाषेतील नाट्यसिद्धान्त स्पष्ट होतो. व्यक्त झालेली भावना आणि असलेली भावना यांत अंतर पडू शकते, हे त्याचे पहिले गृहीतक. पाहणाऱ्याला ते अंतर ओळखता येते, हे दुसरे. आणि ते ओळखले की पाहणाऱ्यावरचे प्रतिसादाचे बंधन संपते, हे तिसरे. तिसरे गृहीतक कळीचे आहे. 'ती नाटक करते आहे' हे विधान वरवर तिच्याविषयी असते. प्रत्यक्षात 'मला उठण्याची गरज नाही' असा स्वतःविषयीचा निर्णय त्यात दिलेला असतो. नाट्यगृहातील प्रेक्षक खुर्चीतून उठून रंगमंचावरील खून थांबवायला जात नाही, कारण तसा संकेत आहे. हाच संकेत घरात आणि वॉर्डात लागू करण्याची सोय 'नाटक' हा शब्द करून देतो.

४

'नाट्य' या शब्दाचे वर्तन याहून वेगळे आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो समासाच्या उत्तरपदी येतो: सत्तानाट्य, राजीनामानाट्य, अपहरणनाट्य. खाडिलकरांच्या १९११ च्या 'मानापमान' या संगीत नाटकाचे नावही 'मानापमाननाट्य' या रूपाने राजकीय वार्तांकनात स्थिरावले आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे राजभवनात झालेल्या शपथविधीनंतरच्या दिवसांत 'सत्तानाट्य' आणि 'नाट्यमय घडामोडी' या शब्दांवाचून मराठी बातमी पुरी होत नव्हती.

या समासांची क्रियापदे पाहावीत. नाट्य 'रंगते', 'घडते', 'उलगडते', त्यावर 'पडदा पडतो'. ही सर्व अकर्मक क्रियापदे आहेत. 'नाटक' करावे लागते, त्याला कर्ता हवा. 'नाट्य' आपोआप घडते, त्याला कर्ता नसला तरी चालतो. 'नाट्य घडवून आणले' असा प्रयोग होतो, नाही असे नाही. पण तो अपवाद आहे आणि त्यात कोणा सूत्रधाराचा छडा लावण्याचा भाव असतो. विशेषणांतही हाच भेद आहे. घटना 'नाट्यमय' असते, माणूस 'नाटकी' असतो. 'नाट्यमय माणूस' असे आपण म्हणत नाही. म्हणजे ज्यांनी निर्णय घेतले, बाजू बदलल्या, शब्द मोडले, त्यांच्या कृतीचे वर्णन करताना भाषा कर्त्याला पडद्याआड पाठवते आणि वाचकाला प्रेक्षकाच्या सुखावह आसनावर बसवते. उलट ज्याने उपचारांसाठी टाहो फोडला त्याच्या वाट्याला मात्र सकर्मक क्रियापद आणि स्पष्ट कर्तृत्व येते: त्याने नाटक केले.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. सत्ताधाऱ्यांनाही 'नाटकबाज' म्हटले जातेच. 'उपोषणाचे नाटक', 'राजीनाम्याचे नाटक' हे शब्दप्रयोग काही कमी नाहीत. हे खरे आहे, आणि येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. वरच्या माणसाविरुद्ध केलेला नाटकाचा आरोप त्याच्या हेतूवर असतो; खालच्या माणसाविरुद्ध केलेला आरोप त्याच्या वेदनेवर असतो. पहिला आरोप काहीतरी उघड करतो, दुसरा झाकतो. जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी हाच या संहितेतील खरा नट आहे. त्याची विद्या, त्याची करुणा, त्याचे आशीर्वाद हे सगळे सोंग आहे आणि विदूषक ते वाचकाला सतत दाखवून देत असतो. नाटकाचे रूप वापरून नाटक उघडे पाडण्याचा हा उद्योग १८५५ साली लिहिला गेला. दक्षिणा प्राइज कमिटीने तो स्वीकारला नाही आणि तो छापून आला १९७९ साली. शाप देणाऱ्या ऋषींची परंपरा किती चिवट आहे हे यावरून ध्यानात यावे.

गेल्या काही दशकांत 'ड्रामा' हा शब्द शहरी मराठीत रुळला आहे. तो 'नाटक'चा पर्याय आहे असे वरवर वाटते, पण त्याचा रोख निराळा आहे. 'नाटक' खोटेपणाचा आरोप करते, 'ड्रामा' अतिरेकाचा. 'किती ड्रामा करतेस' असे म्हणणारा तिचे दुःख खोटे आहे असे म्हणत नाही. ते प्रसंगाच्या मानाने फार आहे असे म्हणतो. दुःखाचे योग्य माप ठरवण्याचा अधिकार मात्र तो स्वतःकडे ठेवतो. 'ड्रामा क्वीन' या शब्दाला पुल्लिंगी जोड आपल्याकडे रूढ झालेला नाही, यात आश्चर्य नाही.

५

या वाटणीतील सर्वांत कठोर शब्द 'तमाशा' हा आहे. फारसीमार्गे मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ रोख पाहण्यावर, प्रेक्षणीयतेवर आहे. महाराष्ट्रात तो एका समृद्ध प्रयोगप्रकाराचे नाव झाला. महार, मांग, कोल्हाटी अशा जातिसमूहांतील कलावंतांनी गण, गवळण, बतावणी आणि वग या अंगांनी तो जोपासला. बोलीत मात्र 'तमाशा करणे' म्हणजे खाजगीत ठेवायची गोष्ट चारचौघांत आणून अब्रू घालवणे. 'नाटक' खोटे असते, 'ड्रामा' अवाजवी असतो; 'तमाशा' खरा असतो आणि म्हणूनच लाजिरवाणा असतो. नवऱ्याची मारहाण सोसणारी स्त्री दारात येऊन ओरडते तेव्हा तिला 'तमाशा करू नकोस' असे सांगितले जाते. तिचे म्हणणे खोटे आहे असा दावा येथे कोणी करत नाही. ते पाहिले गेले, एवढाच तिचा अपराध.

एका विशिष्ट समाजघटकाच्या उपजीविकेचे आणि प्रतिभेचे नाव हेच निर्लज्जतेचे नाव व्हावे, यामागे जातिव्यवस्था आणि स्त्रीच्या शरीराविषयीची नीती या दोहोंचा हात आहे. या प्रयोगप्रकाराला सभ्य समाजात स्थान द्यायचे झाले तेव्हा त्याचे नाव बदलावे लागले, हेही सूचक आहे. लाल बावटा कलापथकाच्या काळात अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला नवा राजकीय आशय दिला आणि पुढे 'लोकनाट्य' ही संज्ञा प्रतिष्ठित झाली. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ चे लोकनाट्य नागर प्रेक्षकाने डोक्यावर घेतले. 'नाट्य' हा प्रत्यय येथे शुद्धीकरणाचे काम करतो. आशय उचलला गेला, रूप उचलले गेले, मात्र मूळ नाव दारात चप्पल काढून ठेवावी तसे बाहेर ठेवले गेले. समीक्षेने 'लोकनाट्य' या संज्ञेची चर्चा पुष्कळ केली. पण 'तमाशा' ही शिवी का राहिली, हा प्रश्न तिने सहसा विचारला नाही.

'तमाशा' या शब्दात आणखी एक वैशिष्ट्य आहे. 'तमाशा काय बघता?' असे गर्दीला विचारले जाते. 'नाटक' आणि 'ड्रामा' हे शब्द फक्त करणाऱ्याला आरोपी करतात. 'तमाशा' पाहणाऱ्यालाही गोवतो. बघ्याची जबाबदारी नोंदवणारा दैनंदिन मराठीतील हा बहुधा एकमेव नाट्यवाचक शब्द असावा. निंदेच्या तळाशी गेलेल्या शब्दानेच ही नैतिक जाणीव जपून ठेवली आहे.

६

आतापर्यंतचे शब्द पाहणाऱ्याचे होते. नाटक करणारे आपल्या कृतीला काय म्हणतात? मराठी नट 'मी अभिनय करतो' असे सहजासहजी म्हणत नाही. तो म्हणतो, 'मी नाटकात काम करतो.' 'बालगंधर्वांचे काम पाहिले', 'तिचे काम छान झाले', 'दुसऱ्या अंकात तुझे काम पडले' ही भाषा संगीत नाटक मंडळ्यांपासून आजच्या एकांकिका स्पर्धांपर्यंत चालत आली आहे. 'काम' म्हणजे भूमिका, 'काम' म्हणजे अभिनयाची गुणवत्ता आणि 'काम' म्हणजे श्रम. ग्रीक शब्दाने नाटकाच्या नावात जी 'कृती' ठेवली, ती मराठीने नाटकाच्या नावात ठेवली नाही. ती नटाच्या बोलीत ठेवली.

हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी एक हकिकत वारंवार सांगितली जाते. प्रयोग चालू असताना रंगमंचामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. समोरच्या प्रेक्षकासाठी तो 'तमाशा' होता. विठाबाईंसाठी ते काम होते, अर्धवट टाकता न येणारे. एकाच घटनेचे वर्णन कोणत्या बाजूने केले जाते यावर शब्द ठरतो, याचे याहून लख्ख उदाहरण शोधावे लागणार नाही.

नाटक हे कृत्य आहे, केवळ भास नाही, हे राज्यसंस्थेनेही ओळखले होते. ब्रिटिश सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. १८७६ चा हा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ कायम राहिला आणि २०१८ साली रद्द झाला. घरातील वडीलधारा माणूस 'नाटक' म्हणून जे झटकून टाकतो, त्यालाच सरकार घाबरते. 'ते नुसते नाटक आहे' आणि 'ते नाटक बंद करा' ही दोन्ही वाक्ये सत्ताच बोलते. सोयीनुसार एकदा एक, एकदा दुसरे.

'भूमिका' या शब्दाचा येथे उल्लेख करायला हवा. नट भूमिका वठवतो आणि विचारवंत भूमिका घेतो. एका वापरात दुसऱ्याचे रूप धारण करणे आहे, दुसऱ्यात स्वतःच्या मतावर उभे राहणे. मराठीला या दोहोंत विसंगती वाटली नाही. रूप धारण करणे आणि प्रामाणिक असणे यांत विरोध असलाच पाहिजे, हा 'नाटकी' या शब्दातला आग्रह आपल्याच भाषेने 'भूमिका' या शब्दात मोडीत काढला आहे.

७

या विवेचनाची कसोटी एखाद्या संहितेवर घ्यायची तर १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक सर्वांत जवळचे ठरते. हौशी नाट्यसंस्थेतील मंडळी एका गावात प्रयोगापूर्वीचा मोकळा वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडतात आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. पुढे काय होते ते सर्वज्ञात आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या मंडळींनी केलेले 'खेळ' या चौकटीचे व्यवस्थापन.

खटला खेळ आहे म्हणून त्यात काहीही विचारता येते. सामंत एका कादंबरीतील मजकुराच्या आधाराने कल्पित साक्ष देतो आणि ती बेणारेच्या प्रत्यक्ष आयुष्यावर जाऊन बसते. काशीकर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतःच साक्षीदार होतात. बेणारे बाहेर पडू पाहते तेव्हा दार उघडत नाही. प्रत्येक टप्प्यावर खेळाचे कवच आरोप करणाऱ्यांना संरक्षण देते, आरोपीला मात्र ते कोठेच उपलब्ध नसते. तिचे अस्वस्थ होणे हे खेळ बिघडवणे ठरते आणि तिचे मौन हा पुरावा ठरतो. अखेर गर्भ नष्ट करण्याचा निवाडा होतो, ती कोसळते, आणि हा सगळा खेळच होता असे सांगून तिची समजूत घातली जाते. मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.

येथे एकाच वाक्याची दोन कामे उघड होतात. आरंभी 'हा खेळ आहे' हे वाक्य घाव घालण्याचा परवाना देते. शेवटी तेच वाक्य घाव झालाच नाही असा दाखला देते. भाषिक कृतींचा विचार मांडणाऱ्या जे. एल. ऑस्टिन यांनी रंगमंचावरील उक्ती पोकळ मानून आपल्या विवेचनातून वगळल्या होत्या. रंगमंचावर केलेले लग्न लागत नाही, दिलेले वचन बांधत नाही, हे खरेच आहे. पुढे देरिदांनी या वगळण्यावर आक्षेप घेतला तो उक्तीच्या पुनरावर्तनक्षमतेच्या आधाराने: जी उक्ती उद्धृत होऊ शकत नाही ती मुळात कार्यही करू शकत नाही. तेंडुलकरांची संहिता या वादात सामाजिक बाजूने भर घालते. उक्ती पोकळ की भरीव हे तिच्या स्थळावरून ठरत नाही. ती पोकळ आहे असे जाहीर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरून ठरते. खोट्या कोर्टातील शिक्षा बेणारेच्या बाबतीत अमलात येते, कारण खऱ्या जगातही तिचा निवाडा हीच माणसे करणार असतात.

बेणारेचे दीर्घ स्वगत या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. ते बोलले जात असताना इतर पात्रे गोठलेली असतात. तिचे म्हणणे प्रेक्षकांशिवाय कोणापर्यंत पोहोचत नाही. पारंपरिक अर्थाने संहितेतील हा सर्वांत 'नाटकी' भाग. प्रकाश, एकाकी पात्र, भावनेचा पूर, असे सारे नाट्यसंकेत एकवटलेले. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'पासून आपल्या रंगभूमीने स्वाभाविकतेचा जो आग्रह धरला, त्याच्या मोजमापाने असे स्वगत संशयास्पद ठरावे. पण सत्य बोलायला स्वाभाविक संवादात जागाच उरलेली नाही, म्हणून ते उघडउघड नाटकी रूपात येते. या ठिकाणी 'नाटकी' आणि 'खोटे' यांचे समीकरण पूर्णपणे मोडते.

८

आयुष्य हेच नाटक आहे, प्रत्येक जण कोठेतरी भूमिकाच वठवतो, असे म्हणून हा सगळा प्रश्न निकालात काढण्याची एक सोपी वाट आहे. आर्व्हिंग गॉफमन यांच्या समाजशास्त्रीय विवेचनाचा आपल्याकडे पुष्कळदा असा उपयोग होतो. सर्वच नट असतील तर कोणालाही नाटकी म्हणण्यात अर्थ उरत नाही, हे तर्काला धरून आहे. पण सर्व नटांना सारखे रंगमंच मिळत नाहीत आणि पडद्यामागे विसावण्याची जागाही सर्वांना सारखी नसते. राजभवनातील नाट्याला पडद्यामागची बाजू असते. चाळीच्या सामाईक गॅलरीत ओरडणाऱ्या स्त्रीला ती नसते, म्हणूनच तिच्या वाट्याला 'तमाशा' हा शब्द येतो. रूपक सर्वव्यापी केले की हा भेद दिसेनासा होतो.

म्हणून 'नाट्य' या संज्ञेच्या आश्रयाला राहणे समीक्षेने आता सोडावे. 'कथेतील नाट्य' असे लिहिताना ते कोणाच्या जिवावर घडते आणि कोण ते आरामात पाहतो, हा प्रश्न जोडीला असावा. एखाद्या व्यक्तिरेखेला 'नाटकी' ठरवण्यापूर्वी, ती दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलू शकली असती याचा शोध घ्यावा. आणि 'काम' हा नटांचा शब्द समीक्षेच्या परिभाषेत आणावा, कारण कृती, श्रम आणि गुणवत्ता ही तिन्ही अंगे सामावून घेणारी दुसरी संज्ञा आपल्यापाशी नाही. 'नाटकं करू नकोस' या वाक्यातील 'नाटकं' या शब्दाचा अर्थ कोश सांगेल. ते वाक्य कोण, कोणाला आणि काय टाळण्यासाठी म्हणतो, हे सांगणे समीक्षेचे काम आहे.